पेनल्टीच्या ठिपक्यापासून डावीकडे

अठ्ठावीस वर्षं झाली, लेये नदीकाठच्या या क्लबात
मी हेच करतोय.
मॅच संपली, लोक बिअरकडे वळले
की वाळूची बादली घेऊन मैदानात उतरायचं,
उखडलेली ढेकळं जागच्या जागी बसवायची,
टाचेनं दाबायची.

कोण कुठं उभं राहतं ते मला गवत सांगतं.
गोलकीपर रेषेवर चिखल करतो, ते सगळेच करतात.
पण पेनल्टीच्या ठिपक्यापासून चार पावलं डावीकडे,
किंचित मागे,
एक टक्कल आहे, परातीएवढं.
ते चिसेंगाचं.

तिथं तो थांबतो.
बाकीचे धावतात, रेटारेटी करतात, हात वर करून ओरडतात.
हा बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा
भलतीकडेच बघत उभा.
डिफेंडरलाही वाटतं, याचं इथं काही काम नसावं.
मग योरेनचा पास येतो, बरोब्बर टकलावर,
आणि चिसेंगा नुसता पाय लावतो,
दार लोटल्यासारखा.
या हंगामात सतरा गोल.
बारा तिथून. मी मोजलेत.

मार्चमध्ये तो देशाकडून खेळायला गेला.
मी अवजारांच्या शेडमध्ये छोट्या टीव्हीवर बघत होतो.
एन्डोला. उन्हानं पांढरं पडलेलं मैदान,
हिरवा शर्ट, पाठीवर तोच नऊ.
पण हा कोण?

मध्यरेषेपाशी, गोलकडे पाठ करून,
पाहुण्याला आणायला वेशीपर्यंत जावं
तसा चेंडूला आणायला पुन्हा पुन्हा मागे येणारा.
चेंडू घेऊन वळायचा, तर पुढं घरात कोणीच नाही.
घरात ज्यानं असायचं तोच वेशीवर.

बाकी दहा जणांना चेंडू मिळाला की एकच सुचायचं:
चिसेंगा.
दुखणं आलेल्या घरात सगळ्यांच्या तोंडी
एकाच डॉक्टरचं नाव असतं, तसं.
पास यायचे लवकर, फार लवकर,
तो अजून मान वळवतोय तोवर पोटरीवर आदळायचे.
कॉमेंट्रीवाला म्हणाला,
पोरगा पाय बेल्जियममध्येच विसरून आलाय.
मी उठून खिडकीतून बघितलं.
टक्कल जागेवरच होतं.

ब्याऐंशीव्या मिनिटाला उजवीकडून एक क्रॉस आला.
चार पावलं डावीकडे, किंचित मागे.
तिथं कोणी नव्हतं.
एक टप्पा खाऊन चेंडू निवांत बाहेर गेला
आणि तिकडे चाळीस यार्डांवर, कमरेवर एक हात ठेवून,
धापा टाकत चिसेंगा
क्रॉस देणाऱ्या पोराला अंगठा दाखवत होता. छान होता, म्हणून.
स्टेडियम शिट्ट्या मारत होतं.
देशासाठी अकरा मॅच, एक गोल. तोही पेनल्टी.

गुरुवारी परतला. शनिवारी दोन मारले,
दोन्ही टकलावरून.
संध्याकाळी बोगद्याशी बूट आपटून चिखल काढत होता,
तेव्हा विचारलं, तिकडे गवत कसं असतं?

कडक, म्हणाला. चेंडू उसळतो.
मग थोडं थांबून:
आम्ही लहानपणी खेळायचो तिथं गवत नव्हतंच.
तांब्याच्या खाणीची राखाडी माती, एका बाजूला उतार.
स्ट्रायकर सगळेच.
मी सगळ्यांत लहान, म्हणून मला मागे उभं करायचे.
चेंडू नाल्यात गेला
की आणून द्यायला.

दुसऱ्या बुटातला एक खडा त्यानं झटकला
आणि गेला.

मॅनेजर म्हणतो, त्या टकलाचं काहीतरी कर,
टीव्हीवर वाईट दिसतं.
मी दर सोमवारी बी टाकतो तिथं.
खरं सांगायचं तर
इतर जागांपेक्षा थोडं कमीच टाकतो.

जूनमध्ये तो पुन्हा जाणार.
तीन आठवडे मिळतील गवताला.